वॅगनआरला नवीन हेडलाईट बसवले आणि वायरिंगने वैताग आणलाय, कुणीतरी वाट दाखवा

कुंभार्लीकर
मंडळी नमस्कार, एरवी मी इथे वाचनमात्रच असतो पण आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. गाडी वॅगनआर, २०१२ ची, पेट्रोल. हेडलाईटच्या काचा (प्लॅस्टिकच असतं ते, पण सगळे काचच म्हणतात) पार पिवळ्या पडल्या होत्या. चिपळूणहून कराडला रात्रीचं जाणं-येणं असतं, कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुकं एकत्र आलं की पुढचं वळण अंदाजाने घ्यायला लागायचं. म्हणून पुण्यात एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून दोन्ही बाजूंच्या अख्ख्या असेंब्ली बदलून घेतल्या, आफ्टरमार्केट, आत ती पांढरी रिंग असते तसल्या, सोबत १००/९० चे (हाय बीमला १०० वॅट, लोला ९०) हॅलोजन बल्ब आणि रिले (विजेने चालणारा स्विच) किट. दुकानदार म्हणाला रिले टाकला की टेन्शनच नाही.

टेन्शन तिथूनच सुरू झालं. डावा दिवा उजव्यापेक्षा मंद आणि पिवळट आहे. डावा इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर डावा हेडलाईटपण हलकासा लुकलुकतो, उजवा इंडिकेटर दिला तर काही नाही. पाऊस पडून गेला की बॉनेटखालून कटकटकट आवाज येतो आणि तेव्हा दोन्ही दिवे थरथरतात. लो बीमवर असताना डॅशवरचा निळा दिवा, तो हाय बीमचा, अंधारात बारीक पेटलेला दिसतो. एका मित्राच्या सांगण्यावरून डावीकडे एलईडी लावून बघितला, उजेड भक्कम पण कटकट सुरू झाली की वरातीतल्या लाईटसारखा उघडझाप करतो आणि वर एफएमवर खरखर. दुकानदाराला फोन केला तर म्हणे बॅटरी वीक आहे, बदला. बॅटरी गेल्या वर्षीची आहे. इथला इलेक्ट्रिशियन म्हणतो अल्टरनेटर. दोघांपैकी एकानेही मीटर हातात घेतलेला नाही हे विशेष. माझ्याकडे साधा पिवळा डिजिटल मल्टिमीटर आहे, वापरता जेमतेम येतो. काय मोजू, कुठे मोजू?

रस्सावाटी
१००/९० वाचूनच खुर्ची पुढे ओढून बसलोय. शॉर्टसर्किट काका कुठे आहेत, त्यांना कुणीतरी हाक मारा.

रांगडा_कोल्हापूर
भावा कशाला एवढा त्रास करून घेतोस, सरळ दोन्हीकडं एलईडी टाक की. २०००० ल्युमेनचा सेट मिळतोय ऑनलाईन, रिले नको, वायरिंग नको, प्लग काढायचा न् प्लग लावायचा. माझ्या गाडीला लावलाय, समोरचा ट्रकवाला आपसूक डिपर मारतोय, नाद खुळा उजेड.

निफाडची_पोर
@रांगडा, ट्रकवाला डिपर मारतोय म्हणजे कौतुक करत नाहीये हो, त्याच्या डोळ्यावर येतंय ते. आणि खोक्यावरच्या २०००० ल्युमेनवर कुणी विश्वास ठेवू नका. साध्या एच४ (एकाच बल्बात लो आणि हाय अशा दोन तारा) हॅलोजनचा लो बीम साधारण १००० आणि हाय बीम १६५० ल्युमेनचा असतो आणि तेवढ्यावर आख्खा देश रात्रीचा प्रवास करत आलाय. एच४ मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते, ती उजेड खालच्या बाजूला कापते म्हणून समोरच्याच्या डोळ्यावर जात नाही. एलईडीची चिप त्याच जागी, त्याच मापाची आणि तशीच वाटी असलेली असेल तरच बीम नीट पडतो, बहुतेक स्वस्त बल्बांत तसं नसतं.

पण धाग्याचा प्रश्न वेगळा आहे. माझ्या अंदाजाने हे अर्थिंगचं, म्हणजे बल्बातून वीज गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडाचं, दुखणं आहे. काका येऊन सांगतीलच.

शॉर्टसर्किट
आलो. हाक ऐकली.

कुंभार्लीकर, आधी एक काम करा, बॅटरी आणि अल्टरनेटर डोक्यातून काढून टाका. अल्टरनेटर कमी देत असता तर दोन्ही दिवे सारखेच मंद झाले असते, वीज काय डावं-उजवं बघून भेदभाव करत नाही. एकच बाजू मंद आहे म्हणजे लोचा त्या बाजूच्या वायरीत, होल्डरमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. आणि डावा इंडिकेटर दिल्यावर डावाच हेडलाईट लुकलुकतो हे तर तुम्ही उत्तरच लिहून दिलंय: दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर आहे आणि तो बोल्ट नीट पकडत नाहीये.

आता मोजायचं कसं. इथे निम्मे लोक चुकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. कपलर (बल्बाच्या मागचा प्लग) काढून त्याच्या पिनांमध्ये मीटर लावलात तर १२ पूर्णांक काहीतरी व्होल्ट दिसेल आणि तुम्ही म्हणाल सप्लाय ओके आहे. ते खोटं आहे. करंट वाहतच नाही तिथे, मग व्होल्टेज पडणार कुठून? वायरीचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि कंटिन्युइटीला बीपही देतो. बल्ब लावलेला, दिवा चालू, इंजिन चालू, अशा अवस्थेत मोजायचं. म्हणजे लोडवर.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. पहिलं, बॅटरीच्या दोन टोकांवर किती ते बघा. मग काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला धरून ठेवा आणि लाल प्रोब डाव्या होल्डरच्या मागून अर्थच्या पिनेला टेकवा, कपलर न काढता, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने सुई घुसवायची. आदर्श म्हणजे शून्य. ०.१-०.२ पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की तेवढे व्होल्ट तुमच्या अर्थमध्ये मरतायत. तेच उजवीकडे करा. मग लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी लो बीमच्या पिनेला, म्हणजे पॉझिटिव्ह बाजूला किती पडतंय ते कळेल. चौथं माप रिलेच्या ८५ नंबर पिनेवर, तिथे आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये. हे शेवटचं विसरू नका, तुमच्या कटकटीचं आणि निळ्या दिव्याचं उत्तर तिथे मिळेल असा माझा वास आहे.

बल्बाच्या काचेला बोट लावू नका, चालू असताना तर नाहीच आणि नवीन बसवतानाही नाही, हाताचा तेलकटपणा लागला की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. आणि फ्यूज किती अँपिअरचा टाकलाय तोही लिहा.

रस्सावाटी
वाखुसा (वाचनखूण साठवली). काका तुम्ही यूट्यूबवर का येत नाही?

शॉर्टसर्किट
कारण तिथे सबस्क्राईब करा म्हणावं लागतं.

म्हापशेकार
काकांच्या "लोडवर मोजा"ला आमच्या किनारपट्टीतर्फे +१. म्हापशात खाऱ्या हवेने अर्थचे बोल्ट बाहेरून चकाचक दिसतात आणि थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढली की खाली पांढरी-हिरवी पूड. वायरीचं इन्सुलेशन सोलून पाहिलं तर आतलं तांबं काळं पडलेलं असतं, दोन-तीन इंच आतपर्यंत. चिपळूण काही फार लांब नाही समुद्रापासून, कुंभार्लीकरांनी थिंबलच्या मागची वायरही सोलून बघावी.

निफाडची_पोर
ज्यांना रिलेचे नंबर माहीत नाहीत त्यांच्यासाठी, नाहीतर पुढची चर्चा डोक्यावरून जाईल. हे नंबर जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकाचे, जगभरच्या रिलेवर तेच छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट येणारा जाड सप्लाय. ८७ म्हणजे बल्बाकडे जाणारा. ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं. तुमच्या स्टिअरिंगजवळच्या स्विचचा करंट आता बल्ब पेटवत नाही, फक्त ही कॉइल ओढतो, आणि कॉइलला लागतो जेमतेम ०.१५ अँपिअरच्या आसपास. म्हणून स्विचवरचा भार जातो आणि बल्बाला जाड वायरीतून पूर्ण व्होल्टेज मिळतं. ज्या किटमध्ये दोन रिले असतात त्यात एक लो बीमचा, एक हाय बीमचा.

किटचा एक मेल प्लग गाडीच्या जुन्या होल्डरमध्ये घुसतो. त्या प्लगवरूनच कॉइलला लो-हायचा सिग्नल मिळतो आणि बऱ्याच किटमध्ये कॉइलचा अर्थसुद्धा त्याच जुन्या होल्डरमधून घेतलेला असतो. कुंभार्लीकर, हे नक्की बघा. तुमचा जुना होल्डर तपकिरी झालाय का?

जर्सीवाला
निफाडच्या ताईंनी छान समजावलंय. त्यात थोडी भर, कारण इकडे अमेरिकेत जुन्या टोयोटा पिकअपवाल्यांचा हा कायमचा विषय आहे. सगळ्या गाड्यांत एच४ ची कॉमन पिन अर्थ नसते. काही जपानी गाड्यांत कॉमनला कायम पॉझिटिव्ह असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. त्या टोयोटांत डॅशवरचा निळा दिवा लो बीमच्या फिलामेंटमधून करंट घेतो, त्यामुळे फिलामेंट काढून एलईडी किंवा रिले किट घातलं की हाय बीम व्यवस्थित पेटतो पण निळा दिवा लागतच नाही आणि माणूस चक्रावतो. तेव्हा कुठलीही वायर तोडण्याआधी लाईट चालू करून कॉमन पिनेवर १२ व्होल्ट आहेत की शून्य हे एकदा बघाच. कॉइलला प्लस-मायनसचा फरक पडत नाही म्हणून किट दोन्हीकडे चालून जातं, मात्र आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले असेल तर उलटा जोडून चालत नाही.

कुंभार्लीकर
सगळ्यांचे आभार, पाऊस थांबला तसा आज बॉनेट उघडून बसलो होतो. बायको टॉर्च धरून आणि पुतण्या गाडीत स्विच लावायला. मापं अशी (सगळी इंजिन चालू, लो बीम चालू, दोन्हीकडे परत ९० वॅटवाले हॅलोजन घालून):

बॅटरीवर १४.१
डावा अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह १.९
उजवा अर्थ ते बॅटरी निगेटिव्ह ०.०८
बॅटरी पॉझिटिव्ह ते लो पिन दोन्हीकडे ०.४ च्या आसपास
रिलेचा ८५ ते बॅटरी निगेटिव्ह ४ च्या आसपास, आणि वायर हलवली की ६-७ पर्यंत उडी मारतो, तेव्हाच कटकट सुरू होते!!

जर्सीवाले साहेब, कॉमन पिन अर्थच आहे, १२ व्होल्ट नाही आला तिथे. ताई, जुना होल्डर तपकिरीच काय, एका पिनेभोवती प्लॅस्टिक वितळून ओघळलंय, आणि किटचा प्लग त्यातच खुपसलाय. ८५ ची वायर त्याच प्लगमध्ये जाते. फ्यूज हिरवा आहे, ३० लिहिलंय.

शॉर्टसर्किट
वा. ही मापं म्हणजे निम्मं काम झालं. दुकानदाराला एवढं मोजायला पाच मिनिटं लागली नसती.

डावीकडचं आधी. १४.१ मधून ०.४ पॉझिटिव्ह बाजूला गेले, १.९ अर्थमध्ये गेले, बल्बाला उरले ११.८. उजव्या बल्बाला मिळतायत १३.६. आता कुणी म्हणेल दोन व्होल्टने काय होतंय. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीन घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज १३ टक्के कमी झालं की उजेड जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो, आणि रंग पिवळट होतो तो वेगळाच. तुम्हाला दिसतोय तो फरक हाच. आणि ते १.९ व्होल्ट कुठे जातायत? ९० वॅटचा बल्ब, सात अँपिअरच्या आसपास करंट, म्हणजे त्या एका बोल्टवर १३-१४ वॅट उष्णता. जरा वेळ दिवा चालवून बोल्टला उलटा हात लावा, कोमट लागेल.

खात्री करायची असेल तर दुरुस्तीआधी एक जाड वायर घ्या, एक टोक बॅटरी निगेटिव्हला आणि दुसरं डाव्या होल्डरच्या अर्थला टेकवा. दिवा टेकवल्याबरोबर उजळला पाहिजे. तसंच ८५ ला टेकवा. कटकट आणि निळा दिवा जागच्या जागी बंद व्हायला हवेत. नाही झाले तर मला शिव्या घाला.

निफाडची_पोर
निळ्या दिव्याचं कोडं मला फार आवडलं म्हणून लिहितेय, काका रागावू नका मध्ये घुसले तर. दोन्ही कॉइलची ८५ ची टोकं एकत्र बांधून जुन्या होल्डरच्या अर्थला गेलीत. तो अर्थ कुजलेला. लो चालू केला की करंट लो बीमच्या कॉइलमधून त्या सामाईक टोकाला येतो, तिथून अर्थकडे जायला धड वाट नाही, म्हणून तिथे ४ व्होल्ट तुंबतात. मग त्यातला थोडा करंट हायच्या कॉइलमधून उलटा चढून हाय बीमच्या वायरीवर जातो, आणि त्याच वायरीवर डॅशचा निळा दिवा लटकलेला आहे. तो एलईडी असेल तर एवढ्याशा करंटवरही बारीक पेटतो. जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब असता तर कदाचित तुम्हाला कळलंच नसतं.

आणि कटकट का, तर १२ व्होल्टचा रिले ओढायला साधारण ८ व्होल्ट लागतात. तुमच्या कॉइलला एरवी दहाच्या आसपास मिळतात म्हणून तो धरतो. ओल आली किंवा वायर हलली की ६-७ व्होल्ट अर्थमध्येच मरतात, कॉइलला उरतात सातेक, मग धर-सोड धर-सोड. हॅलोजनची तार तापलेली असते म्हणून ती नुसती थरथरते, एलईडीला तसली ऊब नाही, तो प्रत्येक धर-सोडीला विझतो आणि पेटतो.

रांगडा_कोल्हापूर
बरं पण मग एलईडी लावल्यावर डावीकडं उजेड भक्कम झाला होता की, ते कसं? म्हणजे एलईडीला अर्थिंग लागत नाही असंच झालं ना.

शॉर्टसर्किट
नाही रांगडा. अर्थ तेवढाच कुजका आहे, एलईडीने फक्त ते झाकलं. ९० वॅटच्या बल्बाला सात अँपिअर लागतात, तुमच्या एलईडीला दोनेक. करंट कमी म्हणून त्याच बोल्टवर अर्धा व्होल्ट पडतो, आणि एलईडीचा ड्रायव्हर (करंट स्थिर ठेवणारं त्याचं सर्किट) तेवढं सांभाळून घेतो, त्याला ११ काय आणि १३ काय, उजेड तोच. म्हणून मी नेहमी सांगतो, जिथे एलईडी लावल्यावर "प्रॉब्लेम गेला" तिथे आधी अर्थ मोजा. बोल्ट कुजतच राहतो, मग एक दिवस इंडिकेटर, पार्किंग, हॉर्न असं काहीबाही एकेक करून रुसायला लागतं आणि लोक बीसीएम (गाडीच्या दिवे-हॉर्नचा कंट्रोल बॉक्स) बदलतात.

अर्थ पूर्णच तुटला तर काय होतं तेही सांगतो, कारण त्याने भलेभले फसतात. डाव्या बल्बाचा लो बीमचा करंट अर्थला जाऊ शकत नाही म्हणून तो हायच्या फिलामेंटमधून उलटा जातो, तिथून वायरीने उजव्या बल्बाच्या हाय फिलामेंटमध्ये, आणि उजव्या अर्थमधून खाली. डाव्या बल्बात दोन्ही तारा लालसर मंद, उजव्यात हायची तारही किंचित लाल. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका, अर्थ शोधा.

म्हापशेकार
तो हिरवा ३० चा फ्यूज कुणाच्या नजरेतून सुटलेला दिसतोय. फ्यूज बल्बाला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. किटच्या वायरीवर जाडी काहीही लिहिलेली असो, एक तुकडा कापून बघा, बऱ्याच स्वस्त किटमध्ये आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. नखाने खरवडलं की आतून पांढरं दिसतं, लायटर लावला तर वितळून गळून पडतं. असली वायर ३० अँपिअरच्या फ्यूजमागे ठेवली तर फ्यूज शाबूत आणि वायर पेटलेली. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. बऱ्याचदा पार रिलेपाशी लावतात, मग मधली वायर कुठे पत्र्याला घासली तर तिला वाली कोण?

शॉर्टसर्किट
+१००. कुंभार्लीकर, मी असतो तर असं केलं असतं.

१००/९० काढून साधे ६०/५५ टाका, चांगल्या कंपनीचे. दोन्ही हाय बीम मिळून १० अँपिअरच्या आसपास, त्याला निळा १५ चा फ्यूज पुरतो. १००/९० ला सोळा-सतरा अँपिअर लागतात, होल्डर सिरॅमिकचा नसेल तर वितळतो, आणि तुमच्या त्या आफ्टरमार्केट रिफ्लेक्टरचा मुलामा वर्षभरात काळा पडेल, मग बल्ब १३० वॅटचा घाला नाहीतर मेणबत्ती लावा, उजेड तोच. जुन्या वायरिंगवर ६०/५५ बल्बाला कित्येक गाड्यांत जेमतेम ११.५ व्होल्ट पोचतात, नीट रिलेवर तेच साडेतेरा मिळाले की तोच बल्ब ओळखू येत नाही. म्हणजे रिले किटची कल्पना चांगलीच होती, माती केली ती बसवणाऱ्याने.

डावा अर्थ: ती थिंबल कापून टाका, रंगावर बसवलेली असणार. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, नवीन थिंबल क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) वर स्लीव्ह, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर, बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली नाही, आवळल्यावर. इंडिकेटरचा अर्थ त्याच बोल्टवर राहिला तरी चालेल, जागा स्वच्छ असली की झालं.

८५: किटच्या प्लगमधून ती वायर काढा आणि वेगळी करून स्वच्छ बॉडी अर्थला द्या. जुना वितळलेला होल्डर बदला, सिग्नलपुरता असला तरी. आणि इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले जे जे जोड सापडतील ते उघडून सोल्डर किंवा क्रिम्प करा, कोकणातल्या पावसात टेप म्हणजे पाणी धरून ठेवायची पिशवी.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. हे लिहायची गरज नसावी, पण लिहितो.

रस्सावाटी
आणि कायद्याचं? आमच्या हाऊसिंग सोसायटीत एकाला फिटनेसच्या वेळी आरटीओत परत पाठवलं होतं त्या जादा वॅटच्या बल्बांवरून.

नियमानुसार
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच कलम धरून निकाल दिलाय. खराब काच बदलून तशीच नवीन बसवणं वेगळं आणि मंजूर नसलेले १०० वॅटचे बल्ब वेगळं. पोलिसांपेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटते, वायरिंग जळून गाडी गेली आणि सर्व्हेयरला बाहेरचं किट दिसलं तर क्लेमला फाटे फुटतात.

रांगडा_कोल्हापूर
एफएमच्या खरखरीचं कुणी सांगितलंच नाही. माझ्याकडं पण येतीय, लाजत होतो विचारायला.

जर्सीवाला
एलईडीचा ड्रायव्हर करंट प्रचंड वेगाने चालू-बंद करत असतो, स्वस्त बल्बात त्याला फिल्टर नसतो, म्हणून तो छोटासा ट्रान्समीटरच होऊन बसतो. खरखर चालू असताना स्टिरिओच्या मागून अँटेनाची वायर उपसा. आवाज गेला तर तो हवेतून अँटेनात शिरतोय. नाही गेला तर सप्लायच्या वायरीतून येतोय. पहिल्या प्रकारात बल्बाजवळ वायरीवर फेराइटची क्लिप, दोन-तीन वेढे देऊन, आणि ड्रायव्हरची डबी अँटेनाच्या वायरीपासून लांब. थोडा फरक पडतो. पूर्ण जायला चांगला बल्ब हाच उपाय. आणि डॅशवर बल्ब गेल्याची वॉर्निंग येते म्हणून कुणी डिकोडर किंवा ६ ओहमचा रेझिस्टर लावत असेल तर तो प्लॅस्टिकपासून लांब, पत्र्यावर बसवा. दोन अँपिअर खातो तो, २५-३० वॅटची इस्त्रीच आहे.

कुंभार्लीकर
झालं!! काका, ८५ ला जंपर टेकवल्याबरोबर निळा दिवा गेला, पुतण्या आतून ओरडलाच. डावी थिंबल काढली तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, नुसता बोल्टच्या आट्यांवर अर्थ घेत होता. म्हापशेकार, वायर सोलली, थिंबलपासून पुढे बोटभर काळी निघाली, आणि लायटरची परीक्षा घेतली, किटची वायर नापास. सप्लायच्या दोन्ही वायरी बदलल्या, तांब्याच्या, बाजारातून मीटरवर. निळा १५ चा फ्यूज बॅटरीजवळ. ६०/५५ घातले. आता डावा अर्थ ०.०६, उजवा ०.०८, ८५ वर ०.०२. बल्बाला दोन्हीकडे १३.७.

उजेड बघून बायको म्हणाली हे आधीच्या १०० वॅटपेक्षा जास्त कसं. डावीकडे तरी खरंच जास्त आहे. काल रात्री कुंभार्ली उतरलो, पाऊस होता, पिवळा उजेड धुक्यात तो पांढऱ्या एलईडीसारखा परत डोळ्यावर येत नाही हेही जाणवलं.

एकच शंका राहिली. एलईडी बसवताना मागच्या रबरी टोपीला दुकानवाल्याने मोठं भोक पाडलं होतं, पंखा बाहेर यावा म्हणून. आता असेंब्लीत आतून दव धरतंय. सिलिकॉनने बुजवू का? आणि लाईट जरा वर पडतोय असं वाटतंय.

शॉर्टसर्किट
सिलिकॉन नको, उद्या बल्ब गेला तर घाटात नखांनी सोलत बसाल. जुन्या असेंब्लीची टोपी ठेवली असेल तर ती बसते का बघा, नाहीतर एच४ ची रबरी टोपी सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळते, स्वस्त असते. बसवण्याआधी दिवे अर्धा तास चालू ठेवून आतलं दव वाळवा. असेंब्लीच्या वर-खाली छोटी हवेची नळकांडी असतात ती बुजवू नका, त्यातूनच दमट हवा बाहेर जाते.

लाईट ॲडजस्ट करायला सपाट जागा, भिंत १० मीटरवर, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर कुणीतरी बसलेलं, डॅशवर लेव्हलचं चाक असेल तर ते शून्यावर. जमिनीपासून बल्बाच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खुणा करा, लो बीमची वरची कड त्या खुणेच्या १० सेंटीमीटर खाली यायला हवी. मागचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघायचं, एका वेळी एकच बाजू, दुसऱ्या दिव्यावर गोणपाट टाकून. डाव्या कडेला बीम थोडा वर चढतो ते बरोबर आहे, तिकडची साईडपट्टी दिसावी म्हणून, तो खाली आणायला जाऊ नका.